आईची लय आणि रीपरची टिकटिक

पत्र

"नमस्कार. मी ऐरोलीला राहते, महापेला नोकरी करते. माझी आई ७१ वर्षांची आहे. आमच्या सेक्टरमधल्या महिला भजनी मंडळात ती पेटी वाजवते आणि गाते. तुकोबांच्या एका अभंगाला तिने स्वतः चाल लावली आहे. ती कुठेच नोंदलेली नाही, म्हणून आषाढीच्या आत घरीच रेकॉर्ड करायचं ठरवलं. लॅपटॉप, दोन माइक लागतील असा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारं उपकरण) आणि रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर एवढं जमवलं. त्यातला मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीची टिकटिक, लावून आईची पेटी आणि आवाज घेतला, तर ती सारखी पुढे-मागे होत होती आणि शेवटी रडवेली होऊन उठली. मंडळाला तबल्याची साथ करणारे काका म्हणाले, 'ही टिकटिक बंद कर, माझ्या हाताखाली खड्डे पडतात.' मेट्रोनोम बंद केला, तर नंतर घेतलेले टाळ कशावरच बसेनात. त्यातून आमच्या अभंगाची लय शेवटाकडे चढते. काकांनी मग घरून मोबाइलवर तबला वाजवून पाठवला, तो सुरुवातीला जुळतो आणि शेवटी सरकतो. कानात ब्लूटूथचे हेडफोन असतात, त्याचा काही संबंध आहे का? चुकतंय कुठे, आणि ट्रॅक कुठल्या क्रमाने लावू?"

– एक वाचक, ऐरोली

उत्तर

आधी आईंना सांगा की त्यांचं काहीही चुकलेलं नाही. काकांचंही नाही. चूक मांडणीच्या क्रमात झाली आहे. तुम्ही यंत्राला पुढे चालवलंत आणि माणसांना त्याच्या मागे. तुमच्या कामासाठी हे उलटं करायला हवं. मी ठाण्यात नौपाड्यातल्या घरी बरीच वर्षं लहान-मोठं रेकॉर्डिंग करतो. चालीची मालकीण स्वतः गाणार असेल तेव्हा मी पहिला ट्रॅक क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या टिकटिकीवर, घेतच नाही.

काकांचं 'खड्डे पडतात' हे वाक्य मला फार आवडलं, कारण ते अगदी तंतोतंत आहे. नवा प्रोजेक्ट उघडला की रीपर मिनिटाला १२० ठोके आणि ४/४ असं धरून चालतं. ठोक्यांचा आकडा तुम्ही कमी केला असेल, पण ४/४ तसंच राहिलं असणार. आता काका जो भजनी ठेका वाजवतात तो बघा. गावागणिक आणि हातागणिक बोल बदलतात, पण सांगाडा साधारण असा: धिंऽ नाधिं ऽधिं नाऽ, तिंऽ नातिं ऽतिं नाऽ. मात्रा, म्हणजे तालाचे सारखे भाग, आठ. तिसरी मात्रा नीट पाहा, तिच्यावर बोलच नाही. हात पडतो तो तिच्या अर्धी मात्रा आधी आणि अर्धी मात्रा नंतर. भजनाचा झोका त्या रिकाम्या जागेत आहे, आणि मेट्रोनोम नेमका तिथेच टिक करतो. मात्रा सातचंही तेच.

दुसरी गोष्ट याहून त्रासदायक. ४/४ मध्ये दर चार ठोक्यांनी ठळक टिक येते. म्हणजे पहिल्या मात्रेला सम (तालाची फेरी, म्हणजे आवर्तन, जिथून सुरू होतं ती जागा) म्हणून ठळक, आणि पाचव्या मात्रेलाही तितकीच ठळक. पाचवी मात्रा तर खाली, म्हणजे तालातली हलकी जागा. तिथे काकांचा डग्गा मिटलेला असतो, आणि कानात यंत्र समेसारखं ठणकावून सांगत असतं. उभा जन्म ठेका धरलेल्या माणसाला हे सहन होणार नाही, आणि व्हायलाही नको.

म्हणून पहिली दुरुस्ती फुकटातली. प्रोजेक्टचं माप ४/४ ऐवजी ८/४ करा. ठळक टिक फक्त समेवर येईल, आणि पडद्यावर वरच्या पट्टीत जो मापाचा आकडा दिसतो तोच आवर्तनाचा आकडा होईल. 'दुसऱ्या अंतऱ्याचं तिसरं आवर्तन परत घेऊ या' असं म्हटलं की ते कुठे आहे हे दोघांनाही कळतं. (कधी रूपकातली चाल घेतलीत तर ७/४ ठेवा. पण तिथे समच खाली असते, म्हणून पहिली टिक इतरांपेक्षा मऊ करावी लागते.)

मेट्रोनोमच्या बटणावर उजवी क्लिक केली की त्याची खिडकी उघडते. ठळक ठोका आणि साधा ठोका यांचा आवाज तिथे वेगवेगळा ठेवता येतो. साधा ठोका बराच खाली आणा. टिकेचा सूरही बदलता येतो, किंवा तिच्या जागी स्वतःची ध्वनिफीत देता येते. मी लाकडी चिपळीचा एक छोटा ठोका घालून ठेवला आहे. तीक्ष्ण बीपपेक्षा तो कानाला सोसतो आणि हेडफोनमधून माइकमध्ये कमी झिरपतो.

आता मुख्य काम. आई आणि काका यांना एकाच खोलीत, एकाच वेळी बसवा. मेट्रोनोम पूर्ण बंद. कानात काही नको. दोन माइक आहेत तेवढे पुरतात: एक आईंच्या तोंडासमोर, थोडा पेटीकडे झुकलेला, दुसरा तबल्यावर. काकांना आईंच्या माइकच्या पाठीमागच्या दिशेला पाच-सहा फुटांवर बसवा. घरी वापरतात ते बहुतेक माइक पाठीमागचा आवाज कमी पकडतात, त्याचा फायदा घ्या. पंखा बंद, फ्रिज शक्य असेल तर तेवढा वेळ बंद, आणि ठाणे-बेलापूर रस्त्याच्या बाजूची खिडकी लावून घ्या. २४ बिट आणि ४८,००० हर्ट्झ ठेवा, आणि सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास राहील एवढाच इनपुट वाढवा. त्याहून वर नेऊन काही मिळत नाही.

मग त्यांना मंडळात गातात तसं गाऊ द्या. लय चढते तर चढू द्या. तीन वेळा घ्या आणि त्यातला आईंना पसंत असेल तो ठेवा. इथे निवड तुमची नको, त्यांची हवी, कारण पुढचं सगळं त्या एका गाण्यावर उभं राहणार आहे.

यानंतर पडद्यावरची मापं या गाण्यावर बसवायची. सुरू करण्याआधी एक सेटिंग बदला, आणि हे विसरू नका. प्रोजेक्ट सेटिंग्ज उघडा (आल्ट आणि एंटर) आणि टाइमबेस 'टाइम' करा. मुळात तो ठोक्यांना बांधलेला असतो, म्हणजे तुम्ही लय बदलली की आधी घेतलेला आवाज ताणला किंवा आकसला जातो. एका काकूंच्या गवळणी घेताना माझ्याकडून हे राहिलं होतं. लय ८० वरून ७६ केली, घाईत फाइल जतन केली, आणि दुसऱ्या दिवशी ऐकताना त्यांचा आवाज अनोळखी वाटला तेव्हा लक्षात आलं. मूळ फाइली शाबूत होत्या म्हणून सावरलं, पण त्या रात्री झोप लागली नव्हती.

टाइमबेस बदलला की पहिल्या समेपासून दुसऱ्या समेपर्यंतचा भाग निवडा, वरच्या पट्टीवर उजवी क्लिक करा आणि निवडलेल्या भागातून माप तयार करायला सांगा. माप विचारेल तेव्हा ८/४ द्या. रीपर त्या आवर्तनाची लय स्वतः मोजून तिथे खूण ठेवेल. मग पुढची सम. पाच मिनिटांचा अभंग मिनिटाला ७४ मात्रांच्या आसपास असेल तर एक आवर्तन साडेसहा सेकंदांचं, म्हणजे पंचेचाळीसएक आवर्तनं होतील. तास-दीड तासाचं हाताचं काम आहे. ते हातानेच करा.

सम शोधताना तबल्याचा ट्रॅक बघा, आवाजाचा नको. 'धिं'चा ठोका लाटेत सुईसारखा उभा दिसतो, त्याच्या पायाशी खूण लावा. गाणाऱ्याचा शब्द समेच्या किंचित मागे-पुढे येतो, ती त्याची गायकी असते. शब्दाला सम धरलंत तर मापं डगमगतील. एक आवर्तन ७३.६ आणि पुढचं ७४.३ निघालं तर हात लावू नका, माणसं तशीच वाजवतात. पण मध्येच एखादं ७९ आलं आणि त्याच्या पुढचं ६९, तर खूण चुकीच्या ठोक्याला लागली आहे असं समजा.

हे झालं की मेट्रोनोम चालू करून ऐका. आता तो आईंच्या लयीत चालेल. शेवटाकडे त्या ८४ ला गेल्या असतील तर तोही ८४ ला जाईल, त्यांच्या पावलांनी. माझ्या मते तुमच्या सगळ्या अडचणींचं मूळ उत्तर एवढंच आहे.

शेवटी लय चढते त्या गजराबद्दल एक खुलासा. लय चढणं वेगळं आणि दुगुन वेगळी. काका शेवटी ठेक्याची दुगुन करत असतील तर मात्रेची लांबी बदललेली नसते, त्याच मात्रेत दुप्पट बोल बसतात. तिथे ठोक्यांचा आकडा दुप्पट करू नका, नाहीतर आवर्तनांची मोजणी बिघडेल. दोन्ही एकदम होत असेल, म्हणजे दुगुनही आणि चढही, तर काकांना हाताने टाळी देऊन आवर्तन मोजून दाखवायला सांगा. त्यांची टाळी जिथे पडेल ती तुमची सम.

काही कामांना मात्र आधीच ठरवलेली एकसारखी लय लागते. कॉम्प्युटरवरचा ढोलकीचा लूप घालायचा असेल, किंवा एकदा गायलेलं ध्रुवपद चार ठिकाणी चिकटवायचं असेल, तर पहिल्यापासून क्लिक हवाच. तेव्हाही आकडा अंदाजाने घालू नका. गाणाऱ्याला नेहमीच्या जागी बसवून मोबाइलवर गाणं घ्या, चार आवर्तनांना किती सेकंद लागतात ते पाहा. आठ मात्रांच्या तालात चार आवर्तनं म्हणजे ३२ मात्रा. त्यांना २६ सेकंद लागले तर ३२ गुणिले ६० भागिले २६, म्हणजे सुमारे ७४. लय चढवायची असेल तर शिफ्ट आणि डब्ल्यू दाबून हव्या त्या समेवर नवी खूण लावा आणि पुढच्या खुणेपर्यंत हळूहळू जाण्याचा पर्याय निवडा. क्युबेस, लॉजिक वगैरेंमध्येही हीच सोय वेगळ्या नावाने आहे.

योहान मेल्त्सेलने १८१५ मध्ये मेट्रोनोमचं पेटंट घेतलं, तेव्हापासून हे यंत्र ठोके मोजत आलं आहे. आवर्तन त्याला कधीच कळलेलं नाही. आपल्याकडे तबल्याच्या एकलवादनात लय धरायला पेटी किंवा सारंगीवर नगमा वाजतो. तो ठोके मोजून दाखवत नाही, सम कुठे येते ते सांगत राहतो. तुमच्याकडे आता आई आणि काकांचा तो पहिला ट्रॅक नगम्यासारखाच आहे. पुढे प्रत्येक जण वाजवताना कानात तोच मोठा ठेवा आणि क्लिक अगदी बारीक, सुरुवात धरण्यापुरता.

आता ब्लूटूथ. हो, संबंध आहे, आणि तो मोठा आहे. ब्लूटूथमधून आवाज कानापर्यंत साधारण एक ते दोन दशांश सेकंद उशिरा पोचतो, कधी त्याहूनही जास्त. ७४ च्या लयीत एक मात्रा ०.८१ सेकंदांची, म्हणजे ०.२ सेकंद उशीर झाला तर जवळजवळ पाव मात्रा गेली. टाळ वाजवणारी बाई कानात ऐकू येतं त्याच्याशी अगदी बरोबर वाजवते, आणि ट्रॅकवर ती पाव मात्रा मागे उमटते. तुमचे टाळ 'कशावरच बसेनात' यात हेही असणार. तारेचे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्या. साधे चालतील, फक्त मागून उघडे नकोत.

इंटरफेससोबत त्याच्या कंपनीचा आसिओ ड्रायव्हर येतो, विंडोज असेल तर तोच निवडा. बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा साठवून पुढे पाठवतो तो, रेकॉर्डिंगच्या वेळी १२८ ठेवा. ४८,००० हर्ट्झला १२८ म्हणजे पावणेतीन मिलिसेकंद. हवेतून आवाज एक मीटर यायला साधारण तेवढाच वेळ घेतो, त्यामुळे ते जाणवत नाही. तोच बफर १०२४ असेल तर एका दिशेलाच २१ मिलिसेकंद होतात, म्हणजे सात मीटर लांब बसून साथ केल्यासारखं. मिक्सिंगच्या वेळी तो परत वाढवा, लॅपटॉपला श्वास घेता येईल. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर (माइकचा आवाज लॅपटॉपमधून न जाता थेट हेडफोनमध्ये देणारं) असं बटण असेल तर ते वापरा आणि रीपरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर स्वतःचा आवाज दोनदा ऐकू येतो.

सगळं बसवल्यावर एक चाचणी करा. हेडफोनचा एक कान माइकला चिकटवा, क्लिक चालू करा आणि तोच रिकाम्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. मग चित्र मोठं करून पाहा. टिक मापाच्या रेषेवर पडली असेल तर ठीक. दर वेळी तेवढीच मागे पडत असेल तर रीपरच्या रेकॉर्डिंग सेटिंगमध्ये तो फरक भरून काढायची जागा आहे. दहा मिनिटं लागतात, आणि नंतर दोष माणसाचा की तारेचा हा वाद उरत नाही.

काकांचा मोबाइलवरचा तबला सरकतो याची दोन कारणं असू शकतात. त्यांनी कानात काय ऐकत वाजवलं हे तुम्ही लिहिलेलं नाही. आठवणीवर वाजवलं असेल तर तो सरकणारच, त्यात बिघाड काही नाही. पण तुमचा ट्रॅक ऐकत वाजवला असला तरीही थोडा फरक पडतो, कारण मोबाइल आणि इंटरफेस यांची आतली घड्याळं वेगळी असतात. दोघांत दहा लाखाला पन्नास इतका फरक असला तर पाच मिनिटांत १५ मिलिसेकंद होतात. एकटा तबला असताना ते कळत नाही, टाळ आणि तबला एकत्र आले की ठोका दुहेरी ऐकू येतो. काका तुमच्याच मंडळाचे, त्यांना घरी बोलवा आणि चहा पाजा, हेच उत्तम. कुणी खरंच लांब असेल तर ट्रॅकच्या आधी एक आणि शेवटी एक अशा ठसठशीत टाळ्या कानातल्या ठोक्यावर वाजवायला सांगा. त्या दोन टाळ्या मापाला लावून मधला भाग तेवढाच ताणता येतो. आणि फाइल डब्ल्यूएव्ही मागवा, व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून. व्हॉइस मेसेज आवाज दाबून टाकतो, एमपी३ करताना सुरुवातीला थोडी शांतता चिकटते आणि सगळंच मागे सरकतं.

क्रमाबद्दल. पहिला तो मार्गदर्शक ट्रॅक, दोन माइकवरचा. समेच्या आधी दोन आवर्तनं मोकळी ठेवा, कारण मुखडा, म्हणजे ध्रुवपदाची सुरुवातीची ओळ, समेवर सुरू होत नाही, तो आधीच उचलला जातो, आणि पहिल्या मापाच्या डावीकडे जागा नसेल तर तो छाटला जाईल. मग काकांचा तबला पुन्हा, यावेळी दोन्ही माइक त्यांच्यावर, एक उजव्या तबल्याच्या चाटीवर (कडेवर) आणि एक डग्ग्यावर. मग आईंची पेटी एकटी. तानपुरा घालायचा असेल तर ॲपमधला सूर आईंच्या पेटीला जुळवून घ्या. जुन्या पेट्या नेहमी ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला असतातच असं नाही. त्यानंतर आईंचा आवाज, मग मंडळाचा कोरस, पाच बायका एका माइकभोवती अर्धगोलात, दोनदा घेतलंत तर दहा जणी वाटतील. टाळ सर्वांत शेवटी आणि माइकपासून चांगले चार-पाच फूट लांब. टाळांचा आवाज इतका धारदार असतो की ते इतर कशासोबत घेतले तर त्या ट्रॅकमधून पुन्हा काढता येत नाहीत.

प्रत्येक ट्रॅकला घेण्याआधीच नाव द्या. फाइललाही तेच नाव लागतं, आणि महिन्याभराने 'ट्रॅक ७' म्हणजे काय हे आठवत नाही.

आई दुसऱ्यांदा एकट्याने गाताना पहिल्या वेळेसारख्या रंगल्या नाहीत, तर आग्रह करू नका. तबला थोडा मिसळलेला पहिला ट्रॅकच ठेवा. म्हणूनच तो घेताना माइक नीट लावायला सांगितलं.

शेवटच्या मुखड्यानंतर पेटीचा सूर विरत जातो, तिथे हेडफोनमधली टिक हमखास माइकमध्ये ऐकू येते. इन्सर्ट मेनूतून क्लिक सोर्स घेतलात तर क्लिक एका वेगळ्या ट्रॅकवर पट्टीसारखा येतो. शेवटच्या समेनंतरची त्याची पट्टी कापून टाका, आणि आईंना सांगा की तिथून पुढे कानात काही येणार नाही, सूर हवा तेवढा लांबवा.